सासूबाईंची पायमशीन

उलटी बसलेली सुई. शटलखाली दोऱ्याचा गुंता. जुन्या बाजारात सापडलेली बॉबिनपेटी. दारात भंगारवाल्याचा टेम्पो.

"वहिनी, आईबरोबर तिची मशीनही संपली. नेऊ दे त्याला," नणंद म्हणाली.

"जरा दम धरा, वन्सं! मशीनची ही डॉक्टरीण अजून हरलेली नाही."

सुनेने सुई सरळ लावली, गुंता सोडवला, पेटी बसवली आणि पायडल मारलं.

मशीन भरधाव सुटली. मोत्यांच्या सरीसारखी टीप पडत गेली.

"बघा, कशी उठून बसली!" सुनेचा आनंद गगनात मावेना. भंगारवाला हात हलवत परत गेला.

नणंदेने टिपेवरून बोट फिरवलं. "वहिनी, ही तर आईची टीप."

पायडल आणि चाक जोडणारा पट्टा सकाळीच तुटला होता, आणि तो अजून खिडकीतच पडला होता.