चार वाजताची अंघोळ

मोबाईलवर ऐकल्यापासून नवनाथला गार पाण्याच्या अंघोळीचं वेडच लागलं होतं. पहाटे घेतली की दिवसभर तरतरी, रानातून आल्यावर घेतली की अंगदुखी पळते, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटायचा. त्याच्या आईला, कौसाबाईला, मात्र यातलं काही लागू नव्हतं. तिला दमा. पाणी कढत झाल्याशिवाय नवनाथ तिला न्हाणीकडं फिरकूही द्यायचा नाही.

आज दुपारी चार वाजताच हौदावर तांब्याचा आवाज आला आणि कौसाबाई हातातलं काम टाकून बाहेर आली. अशी अवेळी अंघोळ माणूस मयतीवरून आल्यावर करतो, नाहीतर तसा सांगावा आल्यावर. आणि तिचा धाकटा भाऊ सहादेव चार दिवसांपासून नगरला दवाखान्यात होता.

"नवनाथ, कुनाचा फोन आल्ता का रं?"

"न्हाई, आये. ह्या टायमाला घेतली की रातच्याला झोप लई चांगली लागती म्हनं." तो पाठमोराच बोलला.

"आग लागो तुज्या त्या मोबाईलला! जीव टांगनीला लावला हुतास माजा," म्हणत ती ओट्यावर टेकली.

नवनाथनं हौदात बादली बुडवली आणि काठोकाठ भरून तिच्या पायाशी आणून ठेवली.

"आये," तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "आज तू बी घे."