पंखवाल्या घोड्याची तक्रार

"मॅडम, अंगठा आईचाच हाय. पन घोडा तिनं नाई घेतला."

शाइस्तानं हेडफोन कानावर नीट बसवला. ऑनलाइन गेमच्या पैशांची भांडणं निस्तरायची, हे तिचं अमरावतीच्या ऑफिसातलं काम. सकाळपासून थापा ऐकून तिचे कान किटले होते. कोणाचं कार्ड आपोआप चाललं होतं, कोणाच्या मांजरानं बटण दाबलं होतं. नवरा अन्सार परतवाड्याला जीप चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. लेकीला, शाहीनला, नानी सांभाळायची, म्हणून तर ही नोकरी टिकली होती.

अकोल्याहून रुख्मिणी बोलत होती. ती ब्लाउज शिवून पोट भरायची. औषधं मागवता यावीत म्हणून तिनं आईच्या मोबाइलला स्वतःचं कार्ड जोडून दिलं होतं. त्या कार्डावर परीचे झगे आले, जादूची छत्री आली आणि शेवटी पंखवाला निळा घोडा आला. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साठवलेला पैसा त्या घोड्यावर बसून उडून गेला.

"प्रत्येक खरेदीला तुमच्या आईंचा अंगठा लागलाय," शाइस्ता म्हणाली. "अंगठा असला की पैसे परत मिळत नाहीत."

"अंगठ्याचं काय घेऊन बसल्या मॅडम! रेशनले अंगठा, निराधारच्या पैशाले अंगठा, बोंडअळीच्या मदतीले अंगठा. मदत काई आली नाई, अंगठा तेवढा गेला. आता कोनी अंगठा म्हटलं का आई हात पुढं करते. तिले दिसते कुठं?"

बाई खोटं बोलत नव्हती. शाइस्ताला ते आवाजावरून कळत होतं, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता.

"घरात लहान मूल आहे का?"

रुख्मिणीनं शिलाई मशीन थांबवलं.

"घरात नाई. आई दुसऱ्या गावाले एकटीच राह्यते. शेजारचं लेकरू येते, शाळा सुटली का तिच्याजवळच असते."

"मग झालं तर! माझ्या लेकरानं केलं, असं त्याच्या आईकडून लिहून आणा. पैसे मी आजच परत करते."

"थेच तर रडगानं हाय. माही आई त्या लेकराचं नावच नाई सांगत. म्हनते, थे बाई दिवसभर मरमर करते, थकून येते, रागाच्या भरात लेकराले झोडपीन. डोळे पुढच्या साली पाहू, म्हनते. आन् डाक्टर म्हनते, आता उशीर केला तर डोळा गेलाच समजा."

शाइस्ताचं डोकं सणकलं. म्हातारी आंधळी होणार आणि त्या बाईला खबरही नाही.

"कशी बाई हाय हो थे? आपलं लेकरू दिवसभर काय करून राह्यलं, तिले पत्ताच नाई?" दमली की तिची ऑफिसातली मराठी अशी गळून पडायची.

"मलेबी तसंच वाटते, मॅडम."

मागून ललित सरांनी टेबलावर बोटं वाजवली. तक्रार रेंगाळलेली त्यांना खपत नसे, आणि एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नसे. आईला विचारून उद्या फोन करते, रुख्मिणी म्हणत होती. उद्या नवा ढीग येणार होता. शाइस्तानं "माफ करा" म्हटलं आणि नामंजूरवर बोट दाबलं. मनाला ते फार लागलं. पण थोडा वेळच, कारण पुढचा फोन वाजतच होता.

संध्याकाळी ती गल्लीत शिरली तेव्हा पाय ओढत चालत होती. आपल्या घराचं कुलूप न उघडता ती आधी शेजारच्या दारात थांबली, चपला काढल्या. कोण आलं ते नानीला कळलं नाही. ती सुपातले खडे बोटांनी चाचपून काढत बसली होती. शाहीन तिच्या मांडीला टेकून तिच्या मोबाइलवर निळा घोडा उडवत होती.

"नानी, अंगठा," शाहीन म्हणाली.

"घे व माय," म्हणत नानीनं हात पदराला पुसला आणि पुढं केला.