पासलीची लोकर

सगळ्या झाडांना लाल लोकर बांधलेली होती.

नीरजा पासली गावच्या म्हसोबाच्या दगडापाशी थबकली. श्रावणात तिने लोकर बांधली होती ती सात झाडांना. आता त्या उतारावर एकही झाड मोकळं दिसत नव्हतं. कुठे एक वेढा, कुठे तीन. एका दांड्याला तर लोकरीसोबत हिरव्या काचेची बांगडी लटकत होती. तिने पाठीवरची पिशवी धाडकन खाली टाकली. भोरहून दोन एसट्या बदलून आणि तासभर चढण चढून ती हे बघायला आली होती.

ही आयरिसच्या कुळातली झाडं. पानं तलवारीसारखी, फुलं नारिंगी, त्यांवर लाल ठिपके. त्यांचं नाव पुस्तकात होतं. पण त्यांच्यातच सात झाडांना बिनठिपक्यांची, फिकट पिवळी फुलं आली होती, आणि ती कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हती. "बी आणा," कॉलेजातले सर म्हणाले होते. "बी रुजवून पुन्हा तसंच फूल आलं तर नाव शोधू. नाहीतर प्रबंधातून हे प्रकरण काढून टाका." प्रबंधाला दोन वर्षं उरली होती आणि बी रुजून फुलायला तेवढी लागणारच होती.

फूल गळलं की सगळी झाडं सारखीच, म्हणून खूण हवी. गेल्या वर्षी तिने कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या. पावसात त्यांचा लगदा झाला आणि बोंडं शेळ्यांनी खाल्ली. म्हणून या वर्षी शहाणपणा करून वेल्ह्याच्या बाजारातून लाल लोकर आणली. शहाणपणाच तो!

खालच्या खाचरात भातकापणी चालली होती. तिथून सखूबाई विळा घेऊन वर आली.

"आल्या का ताई? म्या म्हनलंच, बोंडं उकलली, आता ताई येनार."

"मावशी, हे कुणी केलं?"

"काय?"

"ही लोकर! मी सात झाडांना बांधली होती. सात!"

"व्हय, तुमीच तर पयली बांदली." सखूबाईच्या आवाजात कौतुक होतं. "येवढी शिकलेली बाई भरपावसात म्हसोबाफुडं गाठी बांदती, म्हंजी काय तरी आसंल का न्हाई? मंग आमच्या सुनंनं बांदली, मंगलनं. म्हैन्याभरात दिस गेले तिला. तिचं बघून बाकीच्या आल्या. पल्याडच्या गावच्या बी आल्या."

नीरजाने मोबाईल काढला. श्रावणातल्या फोटोंत सात पिवळी फुलं होती आणि मागे नुसतं धुकं. कुठलं झाड कुठे, काही पत्ता लागेना. ती खाली बसून एकेक गाठ निरखू लागली. निदान लोकर तरी वेगळी असेल.

"तीच हाय," सखूबाई म्हणाली. "वेल्ह्याचा दुकानदार आता पासलीची लोकर म्हनूनच इकतो."

हसावं की रडावं, नीरजाला कळेना. राग मात्र मस्तकात गेला होता, आणि तो काढावा कुणावर? गाठ तर तिनेच मारली होती.

"पर आवंदा येका झाडाला शेळी लागू दिली न्हाई. बायांनी गवत कापलं, ते बी झाडं राखून."

ते खरंच होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच सगळी बोंडं जागच्या जागी होती. टरारून उकललेली, आत काळं, टपोरं बी.

"बरं," नीरजा म्हणाली. "मग मी सगळ्यांतलंच थोडं थोडं घेते. पाकिटं आणलीत मी."

सखूबाईने विळा खाली ठेवला. "न्हाई ताई. तसं नगा करू. नवस फिटायच्या आत बी काढत्यात व्हय? कुनाची तरी वटी रिकामी व्हायची."

"अहो मावशी, झाडं आहेत ही! दोन वर्षं गेली माझी यात."

"मंगलची सा वर्सं गेली, पोरासाटी."

पिशवीतून पाकिटं काढणारा नीरजाचा हात थांबला.

"तुमच्या झाडांचं खुशाल न्या की," सखूबाई समजुतीने म्हणाली. "तुमाला कोन आडवनार? दुसऱ्याच्या गाठीचं तेवढं नगं."

"माझी कोणती तेच तर कळत नाहीये!"

ओरडल्यावर तिची तिलाच लाज वाटली. डोळ्यांत पाणी यायला लागलं, तसा तिने समोरच्या बोंडाला हात घातला. एक तरी न्यायचंच. ते तोडताना दांडा हलला आणि हिरवी बांगडी किणकिणली.

"ही कुणाची?"

"मंगलचीच. तिसरा म्हैना लागलाय तिला."

बोंड अजून दांड्यालाच होतं. नीरजाने हात मागे घेतला, तळवा जीन्सला पुसला आणि ती तिथेच गवतात बसली. पाकिटांचा गठ्ठा पिशवीतून निम्मा बाहेर आला होता. प्रत्येकावर तिने आदल्या दिवशी नीट अक्षरात आकडे घातले होते, एक ते सात.

सखूबाई तिच्याशेजारी टेकली. हळूच तिने विचारलं, "ताई, गाठ मारताना तुमी काय मागितलं हुतं?"

"बी," नीरजा म्हणाली. "फक्त बी."

सखूबाईने उतारावरून नजर फिरवली. वरपासून खालपर्यंत बोंडाबोंडातून काळं बी उन्हात चमकत होतं.

"मंग दिलं की," ती म्हणाली.