पलंग हलवायचा नाही

बर्मिंगहॅममध्ये आयुष्य गेलं, तरी आमची जमैकाची रीत सुटलेली नाही. माणूस गेला की नवव्या दिवशी त्याची खोली पार बदलून टाकायची. मग त्याचं भूत आलंच, तर त्याला घर ओळखू येत नाही आणि ते निमूट परत जातं.

माझा भाऊ व्हर्नल गेला. नवव्या दिवशी मी त्याचा पलंग सरकवायला लागले, तर वहिनी आडवी आली.

"काही हलवायचं नाही. सगळं ओळखू येऊ दे त्याला."

माझे डोळे भरून आले. "आयोनीवहिनी, एवढा जीव होता तुझा त्याच्यावर?"

तिने दारामागचा त्याचा पट्टा काढला, मुठीला गुंडाळला आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसली.

"जन्मभर याच पट्ट्याने फोडून काढलं तुझ्या भावाने मला. येऊ दे आता."