मागे चालू असलेलं

"बाबा, उठलात का?"

लहानपणी दादा रोज सकाळी दाराशी उभा राहून विचारायचा. बाबा जागेच असत, पण चादर डोक्यावर ओढून घेत. मग दादा आत येऊन चादर खेचायचा आणि अख्खं घर हसत उठायचं. त्या हाकेला बाबांनी ओ म्हणून कधी दिली नाही.

आता लेक बाबांच्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. बाबा वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी रचत. सकाळी कॉम्प्युटर लावला की चहा पिऊन, कप विसळून झाला तरी तो पुरता जागा होत नव्हता.

"मागे किती प्रोग्राम गुपचूप चालू आहेत बघा," ती म्हणाली. "कामाचे मोजके. बाकी सगळे आयतोबा."

"काढ त्यांना."

"हा प्रिंटरचा. प्रिंटर भंगारात गेला, तरी हा बसलाय त्याची वाट बघत."

"वाट बघणाऱ्यांना आधी हाकल," बाबा म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले.

एक गेला, दुसरा गेला. हवामान सांगणारा गेला, कधीच न खेळलेल्या खेळाचा गेला. मग तिचं बोट थांबलं.

नाव होतं : उठलात का.

तिने उघडून पाहिलं. दोन-चार ओळींचा जीव. कॉम्प्युटर सुरू झाला की एका नंबरावर तेवढंच कळवायचं, बस्. नंबर दादाचा होता. आणि तारीख, बाबांशी भांडून तो बॅग उचलून निघाला त्या दिवसाची.

"पाळत ठेवतो माझ्यावर?" बाबांचा आवाज चढला. "काढ आधी!"

"बाबा, मागे तुम्ही तापाने पडून होतात. कॉम्प्युटर लावलाच नव्हता. त्या दुपारी मला दादाचा फोन आला. म्हणाला, बाबा बरे आहेत ना? सहज विचारतोय."

"मला बोलली नाहीस."

"त्याचं नाव या घरात काढायचं नाही, हे कोण म्हणालं होतं?"

पडद्यावर प्रश्न तसाच उभा होता : काढून टाकायचं? हो. नाही. बाबांनी माऊसवरचा तिचा हात अलगद बाजूला केला. बाण 'नाही'वर नेला आणि दाबला.

"लाव फोन."

पहिल्याच घंटीला पलीकडून घाबरा आवाज आला, "काय गं? बाबा बरे आहेत ना?"

बाबांनी फोन तिच्या हातातून घेतला. कानाला लावला.

"उठलो रे," ते म्हणाले. "तेव्हाही जागाच असायचो."