मान वळवताना

नैराश्यावरची जुनी गोळी हळूहळू सोडून नवी सुरू करायचं ठरलं, तेव्हाच डॉक्टर तिला म्हणाल्या होत्या, "मान वळवली की डोक्यात विजेसारखा झटका बसेल. घाबरू नका, जाईल."

झटके बसू लागले. बाटल्या धुताना तिला झटका बसला की समोर पाळण्यातलं बाळही नेमकं तेव्हाच दचकायचं.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "अगं, बाळं दचकतातच. गोळ्या बदलल्यात ना, तुला आता काहीही दिसणार."

आता ती जे सांगेल ते गोळीच्याच माथी मारलं जाणार होतं.

मग एका सकाळी उठल्यापासून एकही झटका आला नाही.

"बघ, आला की नाही गुण?" बाळाला मांडीवर खेळवत नवरा म्हणाला. "आता तरी त्या बिचाऱ्यावरचा पहारा उठव, हवालदारीणबाई!"

तिलाही हसू फुटलं. डोकं किती शांत होतं! तिने बिनधास्त मान वळवून दोघांकडे पाहिलं.

दोघंही एकदमच दचकले.

"काय गं, अशी काय बघतेस?" नवऱ्याने विचारलं. आपण दचकलो हे त्याला कळलंच नव्हतं.

ती मान ताठ धरून तशीच त्यांच्याकडे बघत राहिली. नजर वळवायचीही तिची छाती होईना.