बाजीचा दोरा

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनजवळ भरणाऱ्या कुत्र्यांच्या वार्षिक शर्यतीत जयंतीचा ग्रेहाउंड बाजी पहिला आला, आणि शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या अध्यक्षांनी त्याच्या पायातल्या काळ्या दोऱ्याकडे बोट दाखवलं. तोंडाची जाळी आणि पाठीवरचं जॅकेट, याखेरीज अंगावर काही चालत नाही म्हणे! दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या दोऱ्यापायी बाजी बाद झाला, चषक अध्यक्षांच्याच कुत्र्याने नेला. त्यानंतर ती शर्यतच कायमची बंद पडली. बाजीही गेला; दोरा मात्र जयंतीने राखून ठेवला. यंदा गावच्या संग्रहालयाने शर्यतीच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडायचं काम नेमकं तिच्यावरच सोपवलं. उद्घाटनाला अध्यक्ष ऐटीत आले आणि प्रदर्शनासाठी दिलेल्या आपल्या चषकापुढे थबकले. चषकाला तोच दोरा बांधलेला, खाली पाटी: "शेवटच्या शर्यतीत पहिला आलेला बाजी." "हे नियमात बसत नाही!" ते कडाडले. चषकाच्या काचेच्या कपाटाला कुलूप घालत जयंती म्हणाली, "इथे पंच मी आहे, साहेब."